गाडीचा रोबोट होताना

रोबोटवाली गाडी धड गाडी नसते आणि धड रोबोटही नसतो, तरी यात्रेत सगळ्यात आधी तीच संपते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात यात्रांना तोटा नाही. घाटाखाली शेगाव. माघातला गजानन महाराजांचा प्रकटदिन झाला की पुढे आषाढीची पालखी परत येईपर्यंत तिथल्या रस्त्यांना उसंत नसते. घाटावर होळीच्या सुमाराला सैलानी बाबांची यात्रा, दसऱ्याच्या आगेमागे देऊळगाव राजाचा बालाजी, आणि आमच्या खामगावात कोजागिरीपासून मोठ्या देवीचा उत्सव. देव वेगळे, पीर वेगळा, नवस वेगळे. ताडपत्रीवर मांडलेली खेळणी मात्र सगळीकडे तीच. साबणाचे फुगे सोडणारी बंदूक, टाळ्या वाजवणारं माकड, काळे चष्मे, दिवे लागणारे भोवरे, आणि एका कडेला काडेपेटीहून थोडी मोठी अशी लाल, निळी, पिवळी ती गाडी.

तिच्याकडे जरा जवळून पाहा. टपावर स्टिकर, त्यावर इंग्रजीत एखादा शूर शब्द, त्यातलं एक अक्षर हमखास चुकलेलं. चाकं चार, पण जमिनीला टेकतात तीन. मागच्या दाराच्या फटीतून एक मूठ बाहेर आलेली, आणि पुढच्या दिव्यांखाली दोन पावलं इतकी उघडी, की आत कुणीतरी आडवं पडलंय हे शेजारच्या पोरालाही कळावं. आता उलगडा. पावलं खाली ओढायची. दारं बाजूला केली की त्यांचे हात होतात. टप मागे टाकायचं, खाचेतून मुंडकं वर येतं. झाला रोबोट! छातीवर समोरची काच, खांद्यांवर चाकं, कमरेला नंबर प्लेट आणि पाठीवर अख्खं टप. खाट पाठीला बांधून बिऱ्हाड बदलायला निघालेल्या माणसासारखा तो उभा राहतो. उभा राहतो म्हणजे भिंतीला टेकवला तर.

गाडी म्हणून बघायला जावं, तर तेवढ्याच पैशांत हिच्याहून कितीतरी चांगली गाडी मिळते. मागे ओढून सोडली की पलंगाखालून थेट स्वयंपाकघरात जाते. लढवय्या म्हणून बघावं, तर पैलवान बाहुल्यांचे दंड याच्या कमरेएवढे असतात. मग पोट्टे रडतात ते हिच्यासाठीच का?

जिनिंग फॅक्टरीच्या हिशेबातून निवृत्त झालेल्या माणसाला अशा प्रश्नांसाठी भरपूर वेळ असतो. नातू सात वर्षांचा. तो खेळत असला की मी पेपर तोंडासमोर धरून वरून बघत असतो. गाडी चटईच्या एका कडेपासून निघते, तोंडाने घुर्र होतं, दुसरी कड येते न येते तोच ती उलगडायला लागते. रोबोट उशीवर चढतो, हवेत दोन ठोसे देतो, की लगेच त्याला मिटायची घाई. गाडीचा वेळ थोडका, रोबोटचाही थोडका. उरलेला सगळा वेळ मधला. आणि या मधल्या वेळात नातू अगदी गप्प असतो. घुर्र नाही, ढिश्यूम नाही. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात, नजर अंगठ्याच्या नखावर. टप अर्धं वर, एक पाय बाहेर, एक आत.

“आता काय आहे रे हे?” मी एकदा विचारलं.

“आता काही नाही आबा. आता ते बदलून राह्यलं.”

डब्यावर चित्रं मात्र दोनच असतात. डावीकडे गाडी, उजवीकडे रोबोट, मध्ये एक बाण. मला तर वाटतं, पैसे असतात ते त्या बाणाचे. बाणाच्या दोन्ही टोकांना जे आहे ते दुय्यम मालाचं आहे, हे बनवणाऱ्यालाही माहीत असावं आणि पोरांना तर नक्कीच माहीत असतं.

या खेळण्याचं घराणं जपानी. ताकारा नावाच्या कंपनीने १९८० साली डायाक्लोन नावाची मालिका काढली. पुढे त्यात गाड्यांचे रोबोट आले, गाड्या खऱ्या मोटारींच्या नमुन्यावर बेतलेल्या. १९८३ साली त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका मालिकेत मायक्रो चेंज ही शाखा निघाली. कावामोरी, ओनो अशी नावं त्या काळच्या रचनाकारांत घेतली जातात. १९८४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने दोन्हीकडचे साचे घेतले, एकत्र केले आणि ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला काढले. मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीतल्या बॉब बुडियान्स्की या लेखक-संपादकाने बहुतेकांना नावं दिली, स्वभाव दिले. कोण शूर, कोण चिडका, कोण लबाड, हे सगळं नंतर आलं. आधी बिजागऱ्या आल्या. माणसांच्या बाबतीतही बारसं नंतरच होतं म्हणा.

यातली मायक्रो चेंजची गोष्ट मला फार आवडते. त्या गोष्टीतले रोबोट मुळातच चिमुकले. माणसांच्या घरात लपायचं, तर मोटार होऊन कसं चालेल? दिवाणखान्यात मोटार कोण ठेवतं? म्हणून ते घरातल्या वस्तू झाले, आणि त्याही खऱ्या मापाच्या. कुणी कॅमेरा झाला, कुणी सूक्ष्मदर्शक, कुणी छोट्या टेपमध्ये जाणारी मायक्रोकॅसेट. त्यात काही गाड्याही होत्या, बुटक्या, गोलमटोल, मोठ्या चाकांच्या. त्या तशा बुटक्या का? तर त्या खऱ्या मोटारीचं सोंग घेतच नव्हत्या. त्यांनी सोंग घेतलं होतं ते खेळण्यातल्या मोटारीचं! घरात लपायला याहून चांगली जागा नाही. खेळण्याच्या टोपलीत पडून राहायचं, दिवा मालवला की उठायचं. पिवळ्या फोक्सवॅगन बीटलचा बम्बलबी हा त्याच पंगतीतला. पुढे २००७ च्या सिनेमात त्याला लांबलचक शेव्हरले कमॅरो करून टाकलं आणि त्याचा बुटकेपणा गेला. दिमाख आला खरा, पण टोपलीत मावेना.

भारतात फनस्कूल ही कंपनी १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभी राहिली, गोव्यात तिचा कारखानाही आहे, आणि ट्रान्सफॉर्मर्स आपल्याकडच्या दुकानांत आले ते तिच्यामार्फत. खामगावपर्यंत ते मुंबईच्या आत्यांच्या बॅगेतून येत. माझ्या मुलांच्या लहानपणी आमच्या आळीत असा एकच होता, आणि ज्याच्याकडे तो होता त्याला क्रिकेटमध्ये आउट झाल्यावरही बॅटिंग मिळे.

आता यात्रेतली गाडी कुठल्या घराण्यातली, हे तिच्या पोटावर लिहिलेलं नसतं. आषाढीची वारी करून श्रींची पालखी परत येते तेव्हा तिचा खामगावला मुक्काम असतो, आणि तिथून शेगावपर्यंत हजारो लोक तिच्यासोबत पायी चालतात. आम्हीही निघालो होतो. वाटेत चहा फुकट, पोहे फुकट, केळी फुकट. सात वर्षांच्या माणसाला चालतं ठेवायला मात्र एवढ्याने भागत नाही, म्हणून शेगावात पोचल्यावर रोबोटवाली गाडी, असा आमचा करार होता. पोचल्यावर कचोरीसुद्धा नको म्हणाला, आधी गाडी.

“केवढ्याची?”

“पन्नास रुपये काका.”

मी हिशेबातला माणूस. उलटसुलट करून पाहिली. “यावर आयएसआयचा शिक्का कुठाय?”

दुकानदाराने ती माझ्या हातातून घेतली, पोट बघितलं, पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “काका, हे रोबोट हाय. शिक्का माराले गेलं का उभं राहून पळते.”

शिक्क्याचा कायदा खोटा नाही. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. त्याच्या आदल्या वर्षी आयात खेळण्यांवरचा कर २० टक्क्यांवरून ६० वर नेला होता, २०२३ मध्ये तो ७० झाला. रंगात शिसं असू नये, कडा धारदार असू नयेत, तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून गिळता येईल असा तुकडा सुटू नये, हे नियम कुणा बाबूच्या डोक्यातून आलेले नाहीत, दवाखान्यांतून आले आहेत. आमच्याच घरात नातवाची धाकटी बहीण रांगते आणि जमिनीवर दिसेल ते आधी तोंडात घालून बघते. त्यामुळे सुटलेल्या मुठी, पावलं आणि एक मुंडकं असा ऐवज आमच्या देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर एका डबीत असतो. संध्याकाळी दिवा लावताना डबी खाली येते, हात जागेवर बसतो, आणि शुभंकरोति होईपर्यंत पुन्हा सुटतो.

तर, शिक्का नसलेली म्हणून मी ती ठेवून दिली आणि शिक्का असलेली शोधत दोन गल्ल्या फिरलो. मिळाली. महाग पडली. नातवाला दोन्हीतला फरक विचाराल तर एकच: हिचे पाय बॉनेटखालून कमी दिसतात. आणि त्याला तो दोष वाटला.

यावर मी बराच विचार केला. पाय दिसणं हा त्याच्या लेखी दोष नव्हताच कधी. पाय दिसतात म्हणून तर ही साधी गाडी नाही हे दोस्तांना दुरूनच कळतं. गुपित असावं, पण कुणाला तरी ते थोडंसं दिसावंही, नाहीतर मिरवायचं काय?

पुण्याच्या काकाला हे काही पटलं नाही. माझा धाकटा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो आणि खेळणं घेण्याआधी त्याचे गुणदोष वाचतो. सांधे किती, रंग किती, बदलायच्या पायऱ्या किती. त्याच्या बोलण्यात ‘प्ले व्हॅल्यू’ हा शब्द येतो. त्याने पुतण्याच्या वाढदिवसाला असा एक रोबोट पाठवला, की त्याचा ट्रक होताना एक पाय दिसेल तर शपथ. सोबत नकाशा. नकाशात लहान लहान चौकटी, प्रत्येकीत बाण, आणि एका अक्षराचाही आधार नाही. दिवाळीत तो आला तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर तो, मी आणि नातवाचा बाप, असे तिघं कर्ते पुरुष त्याच्याभोवती बसलो. बाराव्या चौकटीपर्यंत सगळं नीट होतं. तेराव्या चौकटीत बाण कागदाच्या आत जात होता. कंबर फिरवायची की छाती, यावर मतभेद झाले. तिथून विषय का कोण जाणे, शेताच्या वाटणीवर गेला. साडेदहाला ट्रक झाला. टाळ्या वाजवायला ज्याला उठवायचं तो केव्हाच झोपला होता, आणि त्याच्या मुठीत यात्रेतली ती बोटभर गाडी होती.

तो मोठा ट्रक अजून ट्रकच आहे. टीव्हीशेजारी ठेवलाय. त्याला पुन्हा रोबोट करायची कुणाची छाती नाही.

मादाम माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्या साधनांची एक खुबी होती. साधन असं हवं की चूक झाली तर बाईंनी सांगायची गरज पडू नये, साधनानेच सांगावं. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत दट्टे बसवायचे; एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दट्ट्या आणि एक भोक एकमेकांना नको असलेले उरतात. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हे सूत्र पकडलं आणि परदेशी महाग साधनं बाजूला ठेवून बोर्डीत, मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पानं यांची साधनं केली. ताराबाईंनी रोबोटवाली गाडी जवळ केली असती असं मी म्हणणार नाही. प्लास्टिक पाहून त्यांनी नाकच मुरडलं असतं. पण चूक दाखवण्याच्या बाबतीत ही गाडी अस्सल माँटेसरी आहे. हात आत जायच्या आधी दार लावलं तर दार लागत नाही. मुंडकं वळवायला विसरलात तर टप बसत नाही, बोटभर फट राहते. ओरडायला कुणी नाही, गुण कापायला कुणी नाही. फट दिसते, पोरगा उलटा फिरतो, मुंडकं वळवतो, टप बसतं. कट्!

हा ‘कट्’ आवाज फार महत्त्वाचा. तो आला की नातवाचे खांदे खाली येतात.

आणि हे सगळं चार-पाच हालचालींत व्हावं लागतं. तिथेच लहान खेळणं मोठ्याला भारी पडतं. चार-पाच हालचाली हाताला पाठ होतात. मग डोळे दुसरीकडे असले तरी चालतं, दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा असला तरी चालतं, आणि पाढे म्हणताना बाकाखालीही चालतं. शाळेतले सर सांगत होते, की फळ्याकडे तोंड असलं तरी त्यांना मागून ‘कट्’ ऐकू येतो आणि रांग कुठली तेही कळतं. जप्त केलेल्या गाड्या त्यांच्या टेबलाच्या खणात असतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये त्यांचे रोबोट कोण करतं, हे मात्र सरांनी सांगितलं नाही.

आमच्या वेळी रोबोट नव्हते, पण बदलाचा नाद होता. नागपूरहून येणारा तरुण भारत शिळा झाला की आमच्या ताब्यात येई. आधी त्याची टोपी व्हायची. टोपीच्या दोन कडा चिमटीत धरून ओढल्या की होडी. मग आजोबा गोष्ट सांगत: वादळ झालं, होडीचं नाक तुटलं (इकडचा कोपरा फाडायचा), शेपूट तुटलं (तिकडचा कोपरा), शेंडा मोडला (वरचा), आणि होडी बुडाली. उरलं काय? कागद उलगडला की खलाशाचा सदरा, बाह्यांसकट, गळ्यासकट! दर वेळी आम्ही हसायचो. पण त्या खेळात एक दुःख होतं. सदऱ्याची पुन्हा होडी होत नसे. त्यासाठी उद्याच्या पेपरची वाट बघावी लागे, आणि उद्याचा पेपर आधी वडिलांचा असे.

परत फिरता येणं ही चैन नंतर आली. पुण्याच्या आयुकामध्ये मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंची खेळणी करत. त्यांनी करून दाखवलेली एक घडी आहे, फ्लेक्सॅगॉन. कागदाच्या घड्यांची ही साखळी आतून बाहेर फिरवत राहिलं की दर वेळी नवं चित्र वर येतं आणि फिरून पहिल्यावर येतं. ते फिरायचं थांबत नाही, खर्च एका कागदाचा, आणि वीज, बॅटरी, शिक्का काही नको. मी ती नातवाला करून दिली. त्याने अर्धा तास फिरवली आणि विचारलं, “याला पाय कुठून फुटतात?” पाय फुटत नाहीत म्हटल्यावर ती बहिणीकडे गेली. तिने ती चाखली.

सोयाबीनच्या दिवसांत मी त्याला घेऊन बाजार समितीत गेलो होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. आमच्याकडची ट्रॉली वर्षभरात काय काय होते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पेरणीत खताची गाडी, नवरात्रानंतर देवीच्या विसर्जनाचा रथ, गाद्या टाकून वर ताडपत्री ओढली की शेगावला निघालेल्या बायाबापड्यांची बस, आणि निवडणूक आली की भाषणाचं स्टेज. मी हे सगळं त्याला कौतुकाने सांगत होतो. त्याचं लक्ष नव्हतं. समोर एक डंपिंगची ट्रॉली रिकामी होत होती. मागचा फाळका सुटला, खालचा दट्ट्या हळूहळू लांबत गेला, ट्रॉलीचं नाक वर उठायला लागलं. दाणे आधी सरकेनात, मग एकदम सरकले. नातवाचं तोंड उघडं. ट्रॉली पुरती उभी झाली तेव्हा तो म्हणाला, “आबा, आता थांबाले सांगा त्याले. हात कुठून निंगतात थे पाहू.” ट्रॉली परत खाली बसली तेव्हा तो खट्टू झाला. ड्रायव्हरने बटण अर्ध्यात सोडलं, असं त्याचं मत पडलं.

गाडीचा दुखरा भाग म्हणजे बिजागरी. आमच्या गाडीचा उजवा हात पावसाळा संपता संपता ढिला पडला. वर केला की खाली येई. मलकापूरचे मामा आले होते. मामा लोकांना रिकामं बसवत नाही. त्यांनी खिशातून चिकटवायची ट्यूब काढली, एक थेंब सोडला, फुंकर घातली आणि म्हणाले, “घे, आता जन्मात हलत नाही.” खरंच हलला नाही. हात वरच राहिला, दार मिटेना, टप बसेना. मामांच्या दृष्टीने खेळणं दुरुस्त झालं होतं: अंगाला अंग धरून, ताठ, मजबूत रोबोट. नातवाच्या दृष्टीने ते गेलं होतं. त्याने ते मामांना परत द्यायचा प्रयत्न केला.

आजी मध्ये पडली. आजीने बदलत्या वस्तू आयुष्यभर हाताळल्यात. आमची लोखंडी घडीची खाट तिच्याशिवाय कुणाचंही बोट पकडते. तिने चष्मा लावला, सुपारीचा अडकित्ता घेतला, त्याच्या टोकाने सांध्यातली वाळलेली पापडी खरवडली, आणि सगळं शांतपणे उजेडाकडे धरून पाहिलं. “थांब जरा. याचा हात मांगून निंगते, पुढून नाही. तुझा मामा पुढून वढत होता.” हात निघाला. पण आता तो खांद्याच्या भोकात राहीचना.

म्हणून आम्ही सराफ्यात गेलो. खामगावची चांदी प्रसिद्ध आहे, आणि चांदीचं काम म्हणजे निम्मं बिजागरीचंच काम. करंड्याचं झाकण, कमरपट्ट्याचे दुवे, देवाच्या मखराची दारं. माझा एक जुना दोस्त तिथे कारागीर आहे. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि रोबोट चिमटीत धरला.

“यात खिळाच नाही,” तो म्हणाला. “गोटी आहे. गोटी वाटीत बसवलीय.”

मग त्याने नातवाला समोर बसवून दोन्ही प्रकार दाखवले. करंड्याच्या झाकणाला आरपार तार घातलेली असते; झाकण वर होतं, खाली होतं, तिसरीकडे जात नाही. गोटीचा सांधा चहूकडे फिरतो, आणि जोर जास्त झाला तर मोडण्याऐवजी निसटतो. “पोराच्या हातात द्यायचं म्हणून बनवणाऱ्यानं निसटायची सोय ठेवली,” तो म्हणाला. “हुशार माणूस. पण वाटी झिजली की संपलं.” त्याने सेलोटेपची एक बारीक पट्टी कापली, गोटीला एक वेढा दिला, चिमट्याने दाबली. हात बसला. वर केला तर वर राहिला. दार मिटलं. टप बसलं. दोस्ताने कान जवळ नेला, आणि तो आवाज ऐकल्यावर त्याने ते परत उलगडलं आणि परत मिटवलं. मग परत. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

“तुम्ही असा चांदीचा करून देता का?” नातवाने विचारलं.

“देतो की. पण चांदीचा झाला तर आजी तुला खेळू देईल का? तिजोरीत कुलूप लावून ठेवीन म्हणेल.”

नातवाने जरा विचार केला. “मग गाडी कायले करता? त्याचीच तिजोरी करा ना. आजीसमोर तिजोरी, आजी गेली का रोबोट.”

दोस्त हसला नाही. त्याने गिऱ्हाइकाला हातानेच थांबायची खूण केली, कानावरची पेन्सिल काढली, बिलबुकाचं मागचं पान उलटलं आणि त्याला विचारलं, “बरं, मग कुलूप कुठं येईल? छातीवर का पाठीवर?”